कोपऱ्यातला आकडा

वीज गेली की घड्याळजींची वेबसाइटही मान टाकायची, कारण ती घरातल्या कपाटात ठेवलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर चालायची. "कपाटात मधमाश्या पाळल्यात का?" बायको ती घरघर ऐकून रोज विचारायची. शेवटी घड्याळजींनी हट्ट सोडला. सातासमुद्रापलीकडचा एक व्हर्च्युअल सर्व्हर भाड्याने घेतला, सगळं तिकडे हलवलं आणि घरचा कॉम्प्युटर भंगारात दिला.

मागे उरला बोटाच्या पेराएवढा सेन्सर. कपाट किती अंश तापलंय तो आकडा त्याच्यामुळे वेबसाइटच्या कोपऱ्यात दिसायचा.

दुपारी बायकोने मोबाइल पुढे केला. "अहो, हा आकडा अजून हलतोय की!"

"छे, जुनाच असेल," म्हणत त्यांनी तुटक्या वायरीचा तो सेन्सर मुठीत धरला. आकडा भराभर चढला आणि छत्तीसवर थांबला. मूठ उघडताच उतरू लागला.

"फ्रिजमध्ये ठेवून बघू या?" बायकोचे डोळे लकाकले.

ठेवला. आकडा घसरत घसरत चारवर आला, तशी दोघं लहान मुलांसारखी खिदळली.

"घ्या! भाडं वसूल," घड्याळजी म्हणाले.

मग आकडा पुन्हा चढायला लागला. फ्रिज समोरच होता, बंद, गार. घरात तिसरं कुणी नव्हतं.

आकडा छत्तीसवर येऊन थांबला, तेव्हा दोघांनी आपापल्या मुठी उघडून पाहिल्या.