उजवीकडे वळायचं

लढाईची सालं होती. दर्यापूरच्या खुशालरावांचा उद्धव अकोल्याला विमान चालवायला शिकत होता आणि त्या सकाळी पहिल्यांदाच एकटा वर गेला होता. आभाळातले सगळे नियम त्याला तोंडपाठ होते. त्यातला एक तर मास्तर रोज घोकून घ्यायचे: समोरासमोर विमानं आली, की दोघांनीही उजवीकडे वळायचं.

ढगाच्या आडून अचानक समोर विमान आलं. उद्धवच्या डोक्यातून पाठ केलेलं सारं उडालं. उरली ती दर्यापूरची वाट, वडलांची बैलबंडी आणि लहानपणापासून हाताला लागलेली सवय. त्यानं विमानाचा दांडा डावीकडे रेटला आणि त्याच क्षणी त्याला चूक कळली. समोरचा नियमानं उजवीकडे वळणार, म्हणजे थेट आपल्याच अंगावर येणार! त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले.

काहीच आदळलं नाही. डोळे उघडले, तर आभाळ मोकळं होतं.

कसंबसं विमान उतरवून तो गवतावर बसला, तोच दुसऱ्या विमानाचा शिकाऊ वैमानिक धावत त्याच्याकडे येताना दिसला. आता हा मास्तरांना सांगणार, या भीतीनं उद्धव उठून उभा राहिला.

त्यानं येऊन उद्धवचे दोन्ही हात धरले.



"मास्तरले सांगू नोको, भाऊ. आमच्या चांदूर बाजारात समोरून बंडी आली का डावीकडंच घेतेत. माहा हातबी तिकडंच गेला!"