सरांची बाटली

खोका उघडला तेव्हा आत बर्फ नव्हता, पाणी होतं. भर मे महिन्यात तो चार दिवस कुरिअरवाल्यांच्या भनपुरीतल्या गोदामात पडून राहिला होता. स्वरदाने फोन करकरून केलेल्या विनवण्या तिथे कुणी मनावर घेतल्या नव्हत्या. आतल्या छोट्याशा कुपीत धानाच्या हरितलवकातलं एन्झाइम होतं, जिवाणूंकडून तयार करून घेतलेलं. शून्याखालच्या थंडीत जपायची वस्तू, ती कोमट झाली होती. म्हणजे मेलीच.

हे एन्झाइम पानातल्या एका प्रथिनाचे बरोब्बर दोन तुकडे करतं, हे अच्युत सरांनी अकरा वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं. त्यावर सरांचं नाव झालं, रायपुरात ही प्रयोगशाळा उभी राहिली. स्वरदाने तेच एन्झाइम तीन वर्षं स्वतः बनवलं, पण तिच्याकडून एकदाही तुकडे झाले नाहीत. "तुझ्या हाताले यशच नाही," असं सर चारचौघांत म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर तिलाही ते पटलं होतं. शेवटी विकतचं मागवलं. आता जमलं नाही तर जूनमध्ये तिची पीएचडी बंद होणार होती.

सर म्हणाले, आलंय तसंच प्रयोगाला लाव. आणि एन्झाइम न् प्रथिन ज्यात मिसळायचं ते द्रावण तुझं नको, माझ्या बाटलीतलं घे.

सरांची बाटली हा तिथला जुना थट्टेचा विषय. बाकीचे दर आठवड्याला ताजं द्रावण करायचे. स्वरदा तर बाटल्या उकळून घेणारी, पुस्तकात लिहिलंय तशी. सर मात्र जुन्यातच नवं ओतायचे, विरजणासारखं. बाटली कुलपात असायची.

दुसऱ्या दिवशी, प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी करून दाखवणाऱ्या जेलवर दोन तुकडे दिसले. एका जाड पट्टीच्या दोन बारीक पट्ट्या, अगदी सरांच्या भिंतीवरच्या फोटोत होत्या तशा. सरांनी पेढे मागवले. स्वरदाला रडू आलं, आनंदाचंच. पण मेलेलं एन्झाइम कापतं कसं, हे काही केल्या तिच्या डोक्यातून जाईना.

म्हणून तिने तोच प्रयोग परत लावला. या वेळी एन्झाइम घातलंच नाही. नुसतं प्रथिन आणि सरांचं द्रावण. तरीही त्याच दोन पट्ट्या उमटल्या.

म्हणजे तीन वर्षं तिचा हात बरोबर होता. हसावं की किंचाळावं, तिला कळेना. त्यातही काळजी वाटली ती सरांची. या वयात हा धक्का ते कसा सोसतील?

तिने जेलचा फोटो त्यांच्या टेबलावर ठेवला. "सर, यात एन्झाइम नाहीच. तुमच्या बाटलीतच काहीतरी वाढून राहिलं, तेच कापून राहिलं."

सरांनी फोटो पाहिला आणि उलटा करून ठेवला. रागावले नाहीत, दचकलेही नाहीत. उरलेल्या पेढ्यांचा डबा त्यांनी तिच्यापुढे सरकवला.

"मले माहीत आहे," ते म्हणाले. "नाही तर मी ती बाटली कधी रिकामी काहून होऊ देत नाही?"