मानाच्या पेट्या

राजधानी आपियाहून आलेल्या हिशेबतपासनिसाने गावच्या सहकारी दुकानातला माल पुन्हा मोजला. डबाबंद मासळीच्या अकरा पेट्या कमीच भरल्या. "चोरी लिहू?" त्याने विचारलं. "चोरी कसली, साहेब? कुठेही मयत झालं की त्या घरी द्यायला गावप्रमुख मानाच्या पेट्या पैसे न देताच नेतात," दुकान सांभाळणारी मासिना वैतागून म्हणाली. "मग भरपाईसाठी एक नाव हवं. नाहीतर दुकानाला कुलूप." तेवढ्यात गावप्रमुख दारात आले. "पोरी, आणखी दोन पेट्या काढ." "काका, एक डबासुद्धा मिळणार नाही! दरवेळी मीच का बोलणी खायची?" म्हातारा हळूच म्हणाला, "पलीकडच्या गावात तुझी मावशी गेली गं. आत्ताच निरोप आला." मासिनाने स्वतःच पेट्या बाहेर ओढल्या. "नाव कुणाचं लिहू?" तपासनिसाने विचारलं. "माझंच लिहा," ती डोळे पुसत खेकसली, "आणि दुकानाला दुसरी बाई शोधा."