एस अक्षराचा रॅक

अविनाश देवस्थळींनी गोदामाचं दार स्वतः उघडलं. पनवेल-उरण पट्ट्यात इतकं शिस्तीतलं केमिकल गोदाम दुसरं नाही, असं ते गेटपासून सांगत होते.

रंजिताने गळ्यातलं तपासनिसाचं ओळखपत्र खिशात सरकवलं. रॅकवर ए ते झेड अशा चिठ्ठ्या होत्या. एसच्या रॅकवर सोडियम धातूचे, आत तेल भरलेले डबे होते. त्यांना खेटून सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाचे कॅन. एका कॅनच्या बुडाशी ओल होती. तो तिने आधी उचलून दारापाशी नेऊन ठेवला.

लिथियम, सोडियम, पोटॅशियम ही एका घरातली भावंडं. तिघांचंही पाण्याशी वैर. आवर्तसारणीत ती एकाखाली एक बसतात ती नावामुळे नव्हे, स्वभावामुळे. द्रावणाच्या नावात सोडियम असेल, पण कॅनमध्ये बहुतेक पाणीच.

"तीन वर्षांपूर्वी इथे आग लागली होती," ती म्हणाली.

कमलाकर म्हणून एक अडाणी हमाल होता, देवस्थळी हसत म्हणाले. त्याने डबे भलतीकडे रचले. अहवालातही तसंच आलं. दिला हाकलून.

तो अहवाल रंजिताला तोंडपाठ होता. हातांना बँडेज बांधून ओट्यावर बसलेले तिचे बाबा तेव्हा येईल त्याला एकच सांगायचे, "आमी काय नाय केलं. चिठ्ठी हाय तिथंच ठेवला." लोक चहा पिऊन उठून जायचे.

"म्हणजे मांडणी नंतर बदललीत तुम्ही," ती म्हणाली.

देवस्थळींना ते लागलं. "बदलायची कशाला? पहिल्या दिवसापासून हीच आहे. चिठ्ठ्या मी स्वतः चिकटवल्यात. माझ्या परवानगीशिवाय इथला डबा हलत नाही, मॅडम."

"आगीच्या दिवशीही?"

"त्या दिवशीही सगळं जागच्या जागी होतं."

तिने ते शब्द जसेच्या तसे फॉर्मवर उतरवले, वाचून दाखवले आणि पेनासकट कागद पुढे केला. त्यांनी नुसती आद्याक्षरं टाकली.

"पूर्ण सही, सर. खाली हुद्दाही लिहा."

त्यांनी झोकदार सही केली, खाली रेघ ओढली, रेघेखाली दोन टिंबं दिली. मग सहज विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

"विचुंब्याची."

"अरे वा. तो कमलाकरही तिथलाच."

"हो. बाबा माझे."

तिने कागद फाइलमध्ये ठेवला आणि फाइलची दोरी सावकाश, दोनदा गुंडाळली. देवस्थळी पेन तिच्यापुढे धरून तसेच उभे होते.

"राहू द्या तुमच्याकडेच," ती म्हणाली. "अजून बऱ्याच ठिकाणी सह्या लागतील. आमच्या बाबांची बोटं आता पेनाभोवती मिटत नाहीत."