पदरातले दोन हिरवे धागे

टीव्हीवरच्या गुलाबी लुगड्यातल्या बाईने पहिली गिरकी घेतली, तोच महादेवरावांनी हात वर केला. "थांबव गा ते."

व्हिडिओवाल्याने चित्र थांबवलं. मौदा गावच्या एका लग्नात काढलेली ही कॅसेट. नागपूरच्या जरीपटका बाजारात तिच्या कॉप्या निघाल्या आणि भाड्याने घरोघर फिरल्या. सिनेमातल्या नटीसारखी हुबेहूब कंबर लचकवणारी ती बाई नव्हतीच, पुरुष होता, हे मनगटांवरून पोरासोरांनाही कळत होतं. तोंडावर मात्र हनुवटीपर्यंत पदर.

पण विणकराची नजर तोंडाआधी लुगड्यावर जाते. पदराच्या टोकाला दोन हिरवे धागे होते. ती खूण एकाच मागाची, शरच्चंद्राच्या.

"लुगडं तुमच्या घरचं हाये," महादेवराव त्याला म्हणाले. त्यांच्या मुलाशी शरच्चंद्राच्या बहिणीचं, जयवंताचं लग्न ठरलं होतं. "नाचनारा या घरात राहीन, तर हे लगन होनार नाही."

शरच्चंद्र मान खाली घालून बसला. रुख्मिणीला नवऱ्याचा संताप आला. जयवंताला तिने पोटच्या पोरीसारखं वाढवलं होतं, आणि हा मुखस्तंभ! लुगडं तिच्याच पेटीतलं होतं. मौद्याला नवरा आणि दीर दोघेच गेले होते, आणि त्यातल्या कोणाला नटीचं वेड आहे, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

"अनंता, काहून गप्प हायेस गा?" ती धाकट्या दिराला म्हणाली. "सांग न साऱ्याईले, नटीचे फोटो कोनाच्या ट्रंकेत हायेत?"

अनंताने एकदा भावाकडे पाहिलं.

"माह्या," तो म्हणाला. "मीच नाचलो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो पिशवी घेऊन निघाला. कुठे जाणार, हे कोणी विचारलं नाही. शरच्चंद्र दारापर्यंतही गेला नाही. मौद्याहून येताना ट्रॉलीतून उतरताना मुरगळलेल्या पायाला हळदीचा लेप लावून तो खाटेवर बसून राहिला. डोळ्यांत टिपूस नाही. भाऊ आहे की दगड, असं रुख्मिणीच्या मनात आलं. पण तिला स्वतःलाही हायसंच वाटत होतं. जयवंताचं लग्न वाचलं होतं.

आता घरात काही शिल्लक नको म्हणून तिने अनंताची ट्रंक उघडली. मासिकांतून कापलेले नटीचे फोटो, मागाच्या खळीने पुठ्ठ्यावर नीट चिकटवलेले, एकेकाच्या कडेने रंगीत सूत ओवलेलं. मेल्याने मागावर कधी एवढं लक्ष दिलं असतं तर! तिने पहिला गठ्ठा चुलीत टाकला.

कागद पेटला, तशी मागे खाट करकरली. शरच्चंद्र लंगडत धावत आला आणि त्याने जळत्या चुलीत हात घातला.

"जाळू नोको वं," तो ओक्साबोक्शी रडत म्हणाला, "माह्ये हायेत ते."