कॅमेऱ्यापुरता क्रूस

बर्फ फोडून केलेल्या खड्ड्यातून आधी मूठ वर आली, मग पांदेलीसचं टक्कल. मुठीत क्रूस होता.

काठावर एकच आरोळी उठली. पार्थेनानं दोन्ही हात छातीशी आवळून धरले. नवऱ्यानं सत्तरी ओलांडली होती, पण केंताऊ गावात उरलेल्या ग्रीकांत या पाण्यात उडी घेईल असा दुसरा पुरुष उरला नव्हता. धडधाकट होते ते कधीच ग्रीसला निघून गेले होते. बाप्तिस्म्याच्या सणाला फादरनं फेकलेला क्रूस जो बाहेर काढेल, त्याच्या घराला वर्षभराचा आशीर्वाद. यंदा तो या घराला हवाच होता. लेकीचे दोन गर्भ गेले होते, तिसरा पोटात होता, आणि डॉक्टरीणबाईंनी तिला पलंगाखाली पाय टेकायची बंदी केली होती.

"मिळाला गं!" पांदेलीसचे दात वाजत होते. "पोरीला फोन लाव. आत्ताच्या आत्ता."

फोन लागायच्या आत गावच्या ग्रीक मंडळाचे अध्यक्ष सावास मध्ये आले. त्यांच्यामागे ग्रीसहून आलेले पाहुणे आणि पाहुण्यांमागे कॅमेरा.

"शाब्बास, काका! वाघ आहात, वाघ!" अध्यक्षांनी पांदेलीसच्या ओल्या पाठीवर थाप मारली आणि हातमोजा कोटाला पुसला. "फक्त एक घोळ झाला. पाहुणे गाडीतून उतरेपर्यंत तुमचं उरकलंसुद्धा. कॅमेऱ्यात काही आलंच नाही. तेव्हा फादर, पुन्हा एकदा."

"मी? पुन्हा?" पांदेलीसनं विचारलं.

"छे छे, तुम्हाला कशाला त्रास! आमचा स्ताथिस आहे की."

स्ताथिस म्हणजे अध्यक्षांचा पुतण्या, पाहुण्यांबरोबरच आलेला. कोरलेली दाढी, छातीवर औषधाला केस नाही. त्यानं खड्ड्यात पायाचा अंगठा बुडवला आणि 'आई गं' म्हणून काढून घेतला. मग अध्यक्षांच्या थर्मासमधलं कोमट पाणी त्याच्या डोक्यावर आणि खांद्यांवर ओतण्यात आलं. गुडघ्यांना बर्फ लागू नये म्हणून खाली टॉवेल घातला. क्रूस पुन्हा फेकायची वेळच आली नाही. फादर तीखोननं तो पांदेलीसच्या हातून मागून घेतला आणि स्ताथिसच्या हातात दिला. फादर माणूस वाईट नव्हता. चर्चचं छप्पर मंडळानं घालून दिलं होतं, इतकंच.

पार्थेनानं अंगातला कोट काढून नवऱ्याच्या अंगावर टाकला आणि ती फादरसमोर जाऊन उभी राहिली.

"फादर, आशीर्वाद कुणाच्या घरी गेला?"

"देवाला सगळं दिसतं, पार्थेनाकाकू."

"दिसतं ना? मग कॅमेरा कशाला आणलाय?"

फादरनं दाढीतला बर्फ झटकला आणि पुढचं स्तोत्र जरा मोठ्या आवाजात सुरू केलं.

"रांग करा, रांग!" अध्यक्ष ओरडले. "एकेकानं पुढे येऊन क्रूसाचं चुंबन घ्या. आणि हसा जरा, मयताला आलाय का?"

रांग झाली. पार्थेना पहिली. स्ताथिसनं उठून उभं राहत क्रूस तिच्या ओठांपुढे धरला. त्याच्या अंगाला सेंटचा वास येत होता. तिनं तोंड वळवलं, मान वर करून पोराचा देखणा चेहरा नीट न्याहाळला आणि त्यावर तीनदा थुंकली. थू, थू, थू.

"अगं बाई, किती गोड!" पाहुण्यांपैकी एकजणी टाळ्या पिटत म्हणाली. "दृष्ट लागू नये म्हणून! आमची आजी अगदी अस्संच करायची!"

"जुनी माणसं," अध्यक्ष कृतार्थ होऊन म्हणाले. "रीत सोडत नाहीत."

रीतीत नुसता आवाज करायचा असतो, थुंकी बाहेर येत नाही. हे पाहुणीला ठाऊक नसावं. पार्थेनाच्या मागे उभ्या असलेल्या कीरियाकीला ठाऊक होतं. तिनं पांदेलीसकडे पाहिलं. कोटात गुरफटून तो काठावरच्या उपड्या बादलीवर बसला होता आणि रिकामी मूठ त्याला अजून उघडता येत नव्हती. कीरियाकीनं घसा खाकरला, पुढे झाली आणि क्रूसाकडे न बघता तिनंही तीनदा पोराची दृष्ट काढली.

कॅमेरा चालू होता, त्यामुळे स्ताथिसला तोंड पुसता येईना. तो हसत राहिला. रांगेत अजून बऱ्याच म्हाताऱ्या बाकी होत्या.