एक माप लहान

"कुंदाच्या बांगड्या कागदात बांधून द्या हो," मोठ्या जाऊबाईंनी सवयीनं कासारणीला सांगितलं.

पुतणीच्या लग्नाचा चुडा भरायला बायका सतरंजीवर जमल्या होत्या. सोरायसिसचे चट्टे उठल्यापासून, म्हणजे गेली अठरा वर्षं, कुंदाच्या वाट्याचा हिरवा चुडा असाच पुडीतून यायचा. मग न्हाणीघरात हाताला साबण लावून ती तो एकटीच चढवायची.

मलमंही तिची तिनंच लावली. चादरी खराब करणारं डांबराचं मलम झालं, गोळ्या झाल्या, दवाखान्यातल्या दिव्यांच्या पेटीत एकटीनं उभं राहून झालं. यंदाच्या इंजेक्शनांनी मात्र हात जवळजवळ निवळले होते. तरी लांब बाह्या काही सुटल्या नव्हत्या.

आज तिनं बाही वर सारली आणि ती कासारणीसमोर जाऊन बसली.

कासारणीनं फिकट डाग पाहिले. "हे दुसऱ्याला लागत नाही, ठाऊक आहे मला. माझ्या दिरालाही आहे," असं म्हणत तिनं कुंदाचा हात सरळ आपल्या दोन्ही हातांत घेतला, बोटं जुळवली, अंगठ्याखाली दाबून पाहिलं. "किती मऊ हात आहे! या मापाच्या भराभर जातील."

आपला हात असा शेवटचा कुणी धरला होता, ते कुंदाला आठवेना.

"एक माप लहान भरा," ती म्हणाली.

"अहो, दुखेल. एकेक बांगडी दाबून दाबून चढवावी लागेल. फार वेळ जाईल."

"जाऊ दे," कुंदा म्हणाली. "मला घाई नाही."